उन्हात लावायची गाडी

आमच्या घरात उन्हाबद्दल तक्रार करायची सोय नाही, कारण बाबा नागपूरचे आहेत.

आम्ही राहतो ॲरिझोनात, फिनिक्सला खेटून असलेल्या चँडलरमध्ये. इथे जुलैत पारा एकशे पंधरा फॅरनहाइटच्या वर जातो. सीटबेल्टचं बक्कल मांडीला टेकलं तर डाग उठतो, लोक स्टीअरिंग धरायला ओव्हनचे हातमोजे वापरतात, आणि थंड पाण्याच्या नळाला संध्याकाळी आंघोळीचं पाणी येतं. पण बाबांना हे सांगायला जा! ते डोळे मिटून मनातल्या मनात हिशोब करतात आणि म्हणतात, "एकशे पंधरा म्हणजे सेहेचाळीस. हॅ! आमचा साधा मे महिना. आम्ही नागपूरचे..."

हे वाक्य कधीच पूर्ण होत नाही. 'आम्ही नागपूरचे' आणि पुढे तीन टिंबं. त्या तीन टिंबांच्या जोरावर आमच्या घरचा थर्मोस्टॅट ब्याऐंशीच्या, म्हणजे अठ्ठावीस सेल्सिअसच्या, खाली येत नाही. आई पुण्याची आहे. ती त्या तीन टिंबांकडे बघते आणि फ्रीजचं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवते.

यंदाच्या उन्हाळ्यात मला एक नोकरी मिळाली होती. नोकरी म्हणजे आमच्या भागातल्या स्विमिंग पूलवर लहान मुलांना पोहायला शिकवायचं. यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. मोठं असं, की मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नव्हते. मग मी पोहायला शिकले, तेही पंधराव्या वर्षी, बदकांचे फ्लोट बांधलेल्या बालवाडीच्या पोरांच्या रांगेत उभी राहून. एकदा तेवढं केल्यावर माणसाला लाज वाटण्यासारखं जगात फारसं उरत नाही. खोल बाजूला पहिली उडी मारली त्या दिवसापासून मी शाळेत इतकी बोलायला लागले, की माझी मैत्रीण रीमा म्हणाली, "रुही यार, तू आधी गप्प होतीस ते बरं होतं."

तर नोकरी होती. पण पूलवर सकाळी सहाला हजर राहायचं, कारण दहानंतर पाण्याचं सूप होतं. बाबा पहाटेच कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीकडे निघतात, ती बरोबर उलट्या दिशेला. आईचे ऑफिसचे कॉल सहालाच सुरू होतात. बस आहे, पण ती पूलच्या अलीकडे बऱ्याच अंतरावर सोडून देते.

"सायकलनी जा," बाबा म्हणाले. "आम्ही नागपूरचे..."

"बाबा, तुम्ही नागपूरचे. मी चँडलरची."

म्हणजे लायसन्स हवं. आणि लायसन्सच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले होते. स्टॉपच्या पाटीशी गाडी पूर्ण थांबवायची असते. मी जरा हळू केली आणि पुढे गेले, अगदी बाबा जातात तशी. पुन्हा तारीख घ्यायला गेले, तर सगळ्या सकाळच्या वेळा भरलेल्या. शुक्रवारी दुपारी साडेतीन, एवढीच एक जागा शिल्लक, कारण शहाणा माणूस त्या वेळी घराबाहेर पडत नाही. पूलवरच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं, सोमवारी सहाला आलीस तर जागा तुझी, नाहीतर दुसरं कुणीतरी बघते. म्हणजे शुक्रवारी पास, नाहीतर उन्हाळाभर ब्याऐंशीतल्या घरात बसून बाबांची टिंबं मोजणं.

याच सुमारास नीलांबरी आत्या आली. बाबांची मोठी बहीण. बँकेतून रिटायर झालेली, नागपुरातच राहणारी, आमच्याकडे पहिल्यांदाच. एअरपोर्टच्या बाहेर पडताना पाहुण्यांचा चेहरा कसा होतो, हे मला पाठ आहे. आधी वाटतं कुठल्यातरी गाडीच्या एग्झॉस्टची झळ येतेय, मग कळतं की ही इथली हवाच आहे. आत्या मात्र पार्किंगमध्ये मधोमध थांबली, दोन्ही तळवे वर करून उभी राहिली, आणि म्हणाली, "काय कडक ऊन आहे बाप्पा! आणि हे असंच वाया जाऊन राहिलं?"

"वाया म्हणजे?" मी विचारलं.

"कुणाच्या अंगणात एक कुरडई दिसून नाही राहिली मला."

घरी आल्यावर तिने थर्मोस्टॅट बघितला. "हे काय रे रवी, ब्याऐंशी? अडुसष्टवर कर."

"ताई, इथे एवढं काही लागत नाही. आपण नागपूरचे..."

"नागपूरचे म्हणजे?" आत्या म्हणाली. आई-बाबांच्या लग्नाच्या अठरा वर्षांत त्या तीन टिंबांना प्रश्न विचारणारी ती पहिलीच. "तू कधी उन्हात फिरला बे? बारा वाजले की कूलरसमोर पालथा पडून राहायचा ते पाचपर्यंत. कूलरमध्ये पाणी भरायला मी आणि हवा खायला हा! सुवर्णा, कॉलेजात असताना आईनं याला भर दुपारी दळण आणायला पाठवलं, तर हा गिरणीतच झोपला. गिरणीवाल्याच्या पंख्याखाली."

आई बऱ्याच दिवसांनी इतकी हसली. मग उठून तिने थर्मोस्टॅट अडुसष्टवर आणला, अगदी हळूच, एकेक आकडा चवीने खाली आणत. बाबा म्हणाले, "तो अपवाद होता." कुठला अपवाद, ते कुणी विचारलं नाही.

आता आत्या दिवसभर अडुसष्टात शाल पांघरून बसायची आणि काचेतून बाहेरच्या उन्हाकडे बघायची. सावकार शेजाऱ्याच्या मोकळ्या प्लॉटकडे बघतो ना, तशी. चौथ्या दिवशी तिने गहू भिजत घातले.

कुरडई माहीत नसलेल्यांसाठी सांगते. गहू भिजवून, वाटून त्यांचा चीक काढायचा, तो शिजवायचा आणि सोऱ्यातून त्याचे शेवयांसारखे गोल पाडून कडक उन्हात वाळवायचे. मग वर्षभर तळून खायचे. चीक शिजताना जो वास येतो त्याला आत्या 'माहेरचा वास' म्हणते. रीमा म्हणाली, "तुमच्याकडे गटार तुंबलंय का?"

पहिला घाणा आत्याने मागच्या अंगणात चादरीवर घातला. अर्ध्या तासात लावा पक्ष्यांचं अख्खं कुटुंब, आई-बाप आणि मागे रांगेत पिल्लं, डोक्यावरचे तुरे हलवत चादरीवरून जेवून गेलं. दुसरा घाणा पुढच्या ड्राइव्हवेवर घातला. तर सोसायटीचे गृहस्थ गोल्फ कार्टमधून आले आणि त्यांनी फार नम्रपणे विचारलं, की ही कला आहे की धार्मिक विधी आहे, कारण कला असेल तर कमिटीची परवानगी लागते आणि विधी असेल तर चोवीस तासांत उचलावा. आत्या म्हणाली, "त्याला सांग, चोवीस तास कशाला, दोन तासांत उचलते. वाळल्यावर इथे ठेवून काय करू?" मी तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्यांना ते उद्धट वाटलं असावं. संध्याकाळी आईला समज मिळाली.

वाळवणाच्या तिसऱ्या दिवशी आत्या माझ्याबरोबर आईच्या गाडीत बसायला आली आणि तिने दार उघडलं. आतून जी वाफ आली, तिने मी मागे सरकले. आत्या पुढे सरकली. डॅशबोर्डवर हात ठेवला, चटकन काढला, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी लगेच म्हणाले, "आत्या, नाही."

"काय नाही? मी बोलली का काही?"

"आत्या, ती माझ्या परीक्षेची गाडी आहे."

"परीक्षा शुक्रवारी ना? आज तर सोमवार."

पक्षी नाहीत, धूळ नाही, सोसायटी नाही, चारही बाजूंनी काच. वाळवणासाठी याहून चांगली जागा जगात कुणी बांधलेली नसेल. डॅशबोर्डवर कुरडया, मागच्या सीटवर ताटांत मुगवड्या, आणि मागच्या काचेखालच्या फळीवर मसाला भरलेल्या सांडगी मिरच्या. दर तासाला आत्या घरातून शाल गुंडाळून निघायची, गाडीत हात घालून सगळं उलटं करायची, आणि परत अडुसष्टात येऊन बसायची. बाबा म्हणाले, "ताई, तुला ऊन लागेल." ती म्हणाली, "उन्हात आपण नसतं बसायचं, रवी. उन्हाला कामाला लावायचं असते."

गुरुवारी मी सत्याग्रह केला. गाडी रिकामी झाली. मी सीट पुसल्या, व्हॅक्यूम केला, लिंबाचा सेंट मारला. गाडीला आता लिंबू आणि हिंग आणि मिरचीचा वास येत होता, म्हणजे लोणच्याचा.

एक गोष्ट मात्र मी विसरले, आणि तिचं मूळ पुन्हा नागपुरातच आहे. बाबांनी मला गाडी शिकवली ती रविवारी पहाटे, ऊन व्हायच्या आत, खिडक्या उघड्या टाकून. कारण एसी लावला की इंजिनवर लोड येतो, असा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे मला तीन पॉइंटचं वळण यायचं, दोन गाड्यांच्या मधे पार्किंग यायचं, पण त्या गाडीचा एसी मी आयुष्यात लावला नव्हता.

शुक्रवारी साडेतीनला परीक्षेच्या ऑफिसबाहेर एकशे सतरा होतं. आतल्या वेटिंग रूममध्ये उभं राहायलाही जागा नव्हती.

"तुम्ही गाडी येईपर्यंत समोरच्या दुकानात बसा बाबा," मी म्हणाले.

"छे! इथेच थांबतो. हे काय ऊन आहे?" बाबा म्हणाले, आणि पार्किंगच्या कडेला उन्हात हाताची घडी घालून उभे राहिले.

माझे परीक्षक म्हणजे मिस्टर ऑर्टिझ. भलेमोठे, भरघोस पांढऱ्या मिशा, मानेभोवती फ्रीजरमधून काढलेला टॉवेल. याआधी किती मुलांबरोबर ते त्या उन्हात फिरून आले होते कोण जाणे. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यांनी हवा हुंगली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगली, आणि म्हणाले, "चला."

मी निघाले. स्टॉपच्या पाटीशी अशी थांबले, की मागच्या माणसाने हॉर्न दिला. डावं वळण सुंदर. लेन बदलताना मान वळवून बघितलं, तेही त्यांना दिसेल इतकी वळवून. पार्किंग एका दमात. मनात मी पूलच्या काठावर उभी राहून शिट्टी वाजवत होते.

"मिस," मिस्टर ऑर्टिझ म्हणाले, "तुमच्या गाडीला एसी आहे का?"

"आहे, सर."

"मग तो आपल्याला कधी भेटणार?"

मी चाचपडत बटण दाबलं. कोमट झुळूक आली. दुसरं दाबलं. माझी सीट गरम व्हायला लागली. मिस्टर ऑर्टिझनी टॉवेलने कपाळ पुसलं. मी विचार केला, घाबरायचं नाही, खोल पाण्यात घाबरायचं नसतं, आणि एक मोठं गोल बटण पूर्ण उजवीकडे फिरवून त्याच्या शेजारचं, काचेचं चित्र असलेलं बटण दाबलं.

काचेचं चित्र म्हणजे समोरच्या काचेवर हवा. ती हवा डॅशबोर्डच्या टोकाच्या फटींमधून येते. आणि त्या फटींमध्ये चार दिवसांच्या कुरडयांचा चुरा पडलेला होता.

आधी आतून खुळखुळ असा आवाज आला. मग फट्‌ करून सगळं बाहेर आलं. पांढऱ्या शेवयांचे तुकडे काचेवर आपटले, तिथून माझ्या केसांत, मिस्टर ऑर्टिझच्या मिशांत, त्यांच्या टॉवेलवर. तेवढ्यात मागच्या फळीवरून मिरचीचा मसालाही वाऱ्याबरोबर पुढे आला असावा, कारण ते शिंकले. मी शिंकले. ते पुन्हा शिंकले. चँडलरमध्ये जन्मात बर्फ पडलं नसेल, ते आमच्या गाडीत पडत होतं.

समोरचं काही दिसेना. पण हात आपोआप चालले, का ते मला आजही माहीत नाही. उजवा सिग्नल दिला, आरशात बघितलं, हळूहळू कडेला घेतली, पूर्ण थांबले, गिअर पार्कवर टाकला, चारही दिवे चमकवले.

"सर," मी शिंक दाबत म्हणाले, "मला दिसत नाहीये, म्हणून मी थांबले आहे."

मग मिस्टर ऑर्टिझनी हात पुढे करून पंखा बंद केला आणि एसीचं खरं बटण दाबलं, जे इतका वेळ माझ्या नाकासमोर होतं. थंडगार हवा आली. त्यांनी डोळे मिटले. मिशीतून एक तुकडा काढला, न्याहाळला, आणि मी थांबवायच्या आत तोंडात टाकला.

"तळून खायचं असतं, सर."

"हं," ते म्हणाले. चावत राहिले. कच्ची कुरडई चावायला वेळ लागतो. "हे काय आहे?"

मी सांगितलं. गहू, आत्या, लावे, गोल्फ कार्ट, सगळं. मला गप्प बसता येत नाही हल्ली. ते ऐकत होते.

"म्हणजे तुमची आत्या," शेवटी ते म्हणाले, "गाडीत स्वयंपाक करते."

"वाळवते, सर. स्वयंपाक घरातच करतो आम्ही."

"चला परत."

ऑफिसच्या पार्किंगमध्ये वळताना मला एक दृश्य दिसलं. तिथे सावली म्हणाल तर एका दिव्याच्या खांबाची, आडवी पडलेली, हातभर रुंद. तिच्यात सात-आठ माणसं एकामागे एक, खांद्याला नाक लावून, रांगेत उभी. आणि रांगेत सगळ्यात शेवटी, जिथे सावली संपत आली होती, तिथे एक पाय वर घेऊन, डोक्यावर ओला रुमाल टाकून आमचे बाबा. खांबाच्या सावलीबरोबर ते सरकत होते, सगळ्या रांगेसकट, घड्याळाच्या काट्यासारखे.

मिस्टर ऑर्टिझनी गाडी थांबल्यावर टॉवेल झटकला. "सिग्नल छान. पार्किंग छान. गाडीची साफसफाई माझ्या कक्षेत येत नाही. मी रोज तुमच्या वयाच्या मुलांबरोबर फिरतो, मिस. त्यांना काही दिसत नसलं तरी ते पुढेच जातात. तुम्ही थांबलात. पास."

मी किंचाळले. त्यांनी कानावर हात ठेवला. उतरता उतरता ते वाकून म्हणाले, "तळल्यावर कशी लागते?"

मी धावत बाबांकडे गेले. बाबांनी घाईघाईने रुमाल खिशात घातला आणि सावलीतून एक पाऊल बाहेर टाकलं. "झालं? मला वाटलं वेळ लागेल. काही नाही, मी आपला इथे उभा होतो."

"उन्हात?"

"मग काय! आम्ही नागपूरचे..." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी रुमालाच्या टोकातून गळणाऱ्या पाण्याकडे. "चल, एसी लाव," ते म्हणाले.

"इंजिनवर लोड येईल, बाबा."

"येऊ दे."

सोमवारी सहाला मी पूलवर. गळ्यात शिट्टी, हातात फ्लोट, समोर पाण्याला घाबरणारी पाच पोरं. एकटीने गाडी चालवत आले होते, आणि आता उन्हाळाभर हवं तिथे जायला मोकळी होते, असं मला एक दिवस वाटलं.

मंगळवारी पहाटे मी किल्ली घेऊन बाहेर आले, तर गाडीचं दार उघडं आणि आत्या आत वाकलेली.

"आत्या!"

"ओरडू नको, शेजारी झोपले आहेत. पूलवर गाडी दुपारपर्यंत उभीच असते ना? ते पार्किंग मोकळं आहे म्हणे. एक झाड नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बापानं. तो काल मुद्दाम बघून आला."

बाबा खिडकीत उभे होते. मी बघितल्यावर त्यांनी पडदा लावला. इथल्या मराठी मंडळातल्या मावश्यांनी आत्याकडे कुरडया मागितल्या होत्या, आणि घराच्या ड्राइव्हवेवर नऊपर्यंत शेजारच्या घराची सावली असते, हे गणित बाबांनीच मांडलं होतं. डॅशबोर्डच्या फटींवर त्यांनी निळी टेप लावून ठेवली होती, अगदी सरळ रेषेत, इंजिनियरसारखी.

तेव्हापासून माझं स्वातंत्र्य असं चालतं. पूलच्या पार्किंगमध्ये झाडं नाहीत, असं आत्याला वाटतं, पण अगदी टोकाला एक मेस्किटचं झाड आहे आणि त्याच्याखाली गाडी लावायला मिळावी म्हणून लोक पहाटे येतात, भांडतात, टॉवेल टाकून जागा धरतात. परवा पूलवरच्या मॅडम पूल उघडून पुन्हा कुठेतरी निघाल्या होत्या. त्यांनी मला आत येताना बघितलं, काच खाली केली आणि मोठ्या प्रेमाने हातवारे करून सांगितलं, की ये लवकर, माझी सावली तुला देते.

मी हात हलवून थँक्यू म्हटलं आणि पुढे गेले, पार मधोमध, जिथे दिव्याच्या खांबाचीही सावली पोचत नाही. मॅडम तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. मी उतरले, दार लावलं, मग पुन्हा आत बसले आणि गाडी जराशी तिरकी केली. मागच्या सीटवर मिरच्या होत्या, त्यांनाही ऊन मिळायला हवं.